प्रोग्रॅम मध्येच थांबतो

२ जानेवारी, सकाळी

नवी डायरी. काल सुरू करणार होतो, पण एक तारखेला सगळेच सुरू करतात. संकल्प: चहात साखर नाही, रोज चालायला जाणं, आणि कन्येच्या अ‍ॅडमिशनमध्ये लुडबुड करायची नाही. फक्त दिशा द्यायची. बायकोला सांगितलं. दिशा आणि लुडबुड यात फरक काय, असं तिने विचारलं. उत्तर दिलं नाही. वाद टाळणं हाही एक संकल्प आहे, वर लिहायचा राहिला.

३ जानेवारी

परिस्थिती नोंदवून ठेवतो. कन्या शाळेच्या शेवटच्या वर्षाला. व्हायोलिन वाजवते, कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिते, आणि पुढे दोन्ही एकत्रच शिकायचं म्हणते. असा कोर्स देणारी चांगली कॉलेजं दोन. एक टेकडीवर. तिथे संगीताचं नाव मोठं, कॉम्प्युटर जोडीला. दुसरं काचेच्या इमारतीत. तिथे कॉम्प्युटर मुख्य, संगीत तोंडी लावायला. सोयीसाठी मी त्यांना टेकडी आणि काच म्हणतो. कन्येला टेकडी हवी. लहानपणापासून टेकडीच हवी. पण तिला लहानपणी जिराफही हवा होता.

बसडेपोच्या मागे तिसरं एक आहे. भिंतींना ओल, लिफ्ट बंद. विचारात घेतलं नाही.

हा निर्णय घ्यायला माझ्याइतका लायक माणूस घरात नाही, नात्यात तर नाहीच. संगीत: कॉलेजात माउथऑर्गन वाजवायचो. गॅदरिंगला लोक मधूनच उठून गेले होते, पण तेव्हा शेवटची बस लवकर असायची. कॉम्प्युटर: आयुष्य सॉफ्टवेअर तपासण्यात गेलं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. ऑफिसात मला 'गोचीड' म्हणतात. कौतुकानेच म्हणत असावेत.

११ जानेवारी

चालणं बंद. बूट चावतात. साखर अर्धा चमचा, औषधापुरती.

कन्येचा प्रोग्रॅम पाहिला. ऑडिशनला हाच घेऊन जाणार म्हणते. ती व्हायोलिन वाजवते आणि कॉम्प्युटर पियानोची साथ करतो. माइकमधून तो तिचं वादन ऐकतो. ती हळू झाली की तो हळू, ती श्वासाला थांबली की तोही थांबतो. तिच्या व्हायोलिनच्या बाईंनी ऐकलं तेव्हा म्हणे त्यांनी डोळे मिटून घेतले. बाईंचं वय झालंय, डोळे मिटणारच.

मी घड्याळ लावून ऐकलं. प्रोग्रॅम मध्येच थांबतो. एकदा नाही, बऱ्याचदा. तिला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तो थांबत नाही, वाट बघतो. चूक दाखवली की आमच्या ऑफिसातले प्रोग्रॅमरही असंच काहीतरी काव्यात्म बोलतात. पगारवाढीच्या वेळी सगळं गद्यात येतं.

२५ जानेवारी

काच बघायला गेलो. लिफ्ट गुळगुळीत. कॉफीचं मशीन. विभागप्रमुख कन्येशी बराच वेळ बोलले, मग माझ्याकडे वळून म्हणाले की हिची जागा पक्की समजा, मार्चअखेर फक्त होकार कळवा. कन्या खूश झाली नाही, पण तिचे खांदे जरा खाली आले. परतताना म्हणाली, टेकडी नाही मिळाली तर हे चालेल. संगीताची खोली जनरेटरला लागून आहे एवढंच. मी म्हणालो, एकाग्रता वाढेल.

पहिल्याच भेटीत जागा पक्की. याचा अर्थ त्यांना गरज आहे. गरजवंताला ताटकळत ठेवायचं असतं. हे कुणी शिकवत नाही, अंगातच असावं लागतं.

९ फेब्रुवारी

काचेला पत्र पाठवलं. मसुदा उत्तम उतरला. टेकडीने आम्हाला आधीच बोलावलेलं असून (बोलावतीलच), आमचा कल तिकडेच आहे, तरी आपण होस्टेलवर खिडकीची स्वतंत्र खोली आणि संगीतकक्षाची किल्ली देत असाल तर आम्ही आपला विचार करू. 'आपला विचार करू' या शब्दांवर मी खूश आहे.

बायकोला वाचून दाखवलं. पाठवू नका म्हणाली. पाठवलंच आहे म्हणालो. मेहुणा आला होता. तो दातांचा डॉक्टर. त्याने पत्र वाचून विचारलं की कन्येला दाखवलं का. दात उपटणाऱ्यांना वाटाघाटीतलं काय कळणार. त्यांच्यासमोर माणूस तोंड उघडून बसतो, बोलतो कुठे.

३ मार्च

काचेचं उत्तर आलं. टेकडीत निवड झाल्याबद्दल कन्येचं अभिनंदन. जागा पुढच्या उमेदवाराला दिली आहे. उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.

रुसलेत. घासाघीस करताना दुकानदारही माल आत ठेवतो आणि आपण पायरी उतरलो की हाक मारतो. मी पायरीवर उभा आहे. घरी एवढ्यात सांगायचं नाही. सगळ्यांच्या मनाची तयारी झाली की सांगेन.

१७ मार्च

काचेची हाक नाही. घरी सगळ्यांना वाटतंय की होकार मी कळवलाय.

५ एप्रिल

कन्या सकाळ-संध्याकाळ व्हायोलिन घेऊन बसते. दार लावून. मी दाराबाहेर घड्याळ घेऊन. परवा दार उघडून सांगितलं की तिसऱ्या भागात प्रोग्रॅम पुन्हा थांबला, आणि ऑडिशनला हे झालं तर नाक कापलं जाईल. तिने व्हायोलिनचा बो खाली ठेवला. शांतपणे म्हणाली की बाबा, निदान महिनाभर काही बोलू नका. बायकोही तेच म्हणाली. बाईंनी तर मला फोन करून सांगितलं. एवढ्या सगळ्यांचं एकमत झालं की समजावं, मुद्दा खरा आहे आणि झोंबलाय.

संकल्प: महिनाभर एक शब्द बोलणार नाही.

६ एप्रिल

बोललो. पण एकच शब्द. थांबला, एवढाच.

२० एप्रिल, सकाळी

आज टेकडीवर ऑडिशन. मी शब्द पाळला, बोललो नाही. काम केलं.

कन्या आंघोळीला गेली होती. लॅपटॉप उघडा. प्रोग्रॅम लिहिणं वेगळं आणि वाचणं वेगळं. वाचण्यात मी कुणाला हार जात नाही. गफलत लगेच सापडली. माइकमधून ऐकून वेग बदलायचा, अशी एक ओळ आहे. सगळं घोडं तिथे अडत होतं. ओळ बंद केली, वेग ठरवून टाकला. चालवून पाहिला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठेही थांबला नाही. पुन्हा चालवला. घड्याळासारखा.

सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वाद झाला असता. बाकीचे बाप परीक्षेला मुलांना पेन देतात. मी काय दिलं ते तिला तिथे गेल्यावर कळेल.

२० एप्रिल, संध्याकाळी

माझ्या बाजूने सगळं व्यवस्थित झालं.

आत मला सोडलं नाही. बाहेर बाकावर बसलो. दाराला गोल काच होती, त्यातून फक्त परीक्षकांपैकी एकाचं टक्कल दिसत होतं. पियानो सुरू झाला, अगदी वेळेवर. मग व्हायोलिन. पहिला भाग ठीक. मग ती नेहमीसारखी श्वासाला थांबली आणि पियानो पुढे गेला. ती मागून धावली. गाठलं. पुन्हा थांबली, पुन्हा मागे पडली. तिसऱ्या भागात तर तिचा सूरच चिरकला. मग व्हायोलिन बंद झालं. प्रोग्रॅमने मात्र हाय खाल्ली नाही. एकट्याने शेवटपर्यंत वाजवलं आणि नीट संपवलं. मी टाळी वाजवणार होतो.

ती बाहेर आली तेव्हा व्हायोलिन हातातच होतं, पेटीत ठेवायचं विसरली होती. बसमध्ये माझ्या शेजारची जागा मोकळी असून पुढे एका अनोळखी बाईजवळ बसली. उतरल्यावर विचारलं, काय झालं. म्हणाली, मला नाही जमलं, बाबा. तो पुढे जात होता आणि मला कळतच नव्हतं. आज मी ऐकतच नव्हते बहुतेक.

मी प्रामाणिक माणूस आहे. म्हणालो, मशीन बरोबर होतं, तू मागे पडलीस. तिने मान हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं म्हणणं वाद न घालता ऐकलं.

प्रोग्रॅमचं सांगायची वेळ ही नव्हती.

१२ मे

टेकडीचा नकार. शेरा: कल्पना चांगली, परंतु वादक साथीकडे लक्ष देत नाही.

कन्येने शेरा दोनदा वाचला. मग खुर्चीवर चढून व्हायोलिनची पेटी कपाटावर ठेवली, मागे, भिंतीला टेकवून. खाली उतरून म्हणाली, मला आजवर वाटत होतं की मला ऐकू येतं. आणि आपल्या खोलीत गेली.

बायको म्हणाली, जाऊ दे, काच तर आहे. मी पेपर वर धरला.

१३ मे

काचेला फोन केला. तिकडच्या मुलीने विचारलं, कोण बोलतंय. सांगितलं. तिने आठवणीसाठी शेजारच्या टेबलावर विचारलं. मग म्हणाली, यादी मार्चमध्येच भरली. मागे कुणीतरी हसलं. कशाला हसले कोण जाणे, ऑफिसात गमती चालतातच.

घरी सांगितलं की काचेचा दर्जा घसरलाय, सबब आपण जागा सोडली. बायकोने विचारलं, कधी सोडली. मी म्हणालो, फेब्रुवारीत. ती उभी होती ती खाली बसली. कन्या बाहेर आली, म्हणाली, आई, रडू नकोस, तसंही संगीत माझं नाहीच, आणि पुन्हा आत गेली. संध्याकाळचा चहा कुणी केला नाही. शेवटी मी केला. साखर घातली.

२८ मे

घर शांत. मला काम सुचतं या शांततेत. कन्या दिवसभर पडून असते. पानं वाढली की उठते, थोडं खाते. प्रोग्रॅमला हात लावत नाही, व्हायोलिनलाही नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा एखादा कोर्स करीन म्हणते. मी म्हणालो, आमच्या ऑफिसात शब्द टाकतो. एकाच खात्यात बापलेक. ती हो म्हणाली. डोळे कोरडे होते. रडत नाही याचा अर्थ सावरली.

अधूनमधून छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं. अ‍ॅसिडिटी. त्या ओळीबद्दल आता सांगून उपयोग काय. तिला उगाच वाईट वाटेल.

९ जून

लिहून टाकतो.

मेहुणा जेवायला आला होता. बाईही आल्या होत्या, कन्येची समजूत काढायला. त्या तिच्याजवळ बसून सांगत होत्या की इतकी वर्षं तुला शिकवतेय, तू साथीकडे लक्ष देत नाहीस हे मला कुणी लिहून दिलं तरी पटणार नाही. कन्या ताटात बघत होती. तेव्हा मेहुणा तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, वादनाचं राहू दे, पण तुझा प्रोग्रॅम एकटा शेवटपर्यंत वाजला म्हणे, म्हणजे तो तरी पक्का बनवलायस.

आता हे श्रेय चुकीच्या माणसाला जात होतं. मी दीड महिना मूग गिळून होतो, पण माणसाला मर्यादा असते. सांगितलं. कुठे अडत होतं, मी कसं हेरलं, आंघोळीच्या वेळेत कशी ओळ बंद केली, सगळं. चमच्याने टेबलावर ताल धरून दाखवला की आधी कसं व्हायचं आणि नंतर कसं झालं.

कुणी जेवेना. बाईंनी हात पुसले. बायको माझ्याकडे बघत होती, पण माझ्या जरा मागे कुणी उभं असावं तसं. कन्येने एवढंच विचारलं, कुठली ओळ. मी सांगितली. ती हसली. इतक्या दिवसांनी हसली. मग उठली, खुर्चीवर चढली आणि कपाटावरचं व्हायोलिन काढलं. मला वाटलं, चला, पोरीला हुरूप आला.

बाईंबरोबर गेली. कपडे, लॅपटॉप, दात घासायचा ब्रश. दोन-तीन दिवस राहील आणि येईल.

१५ जून

आली नाही. बाईंकडे सरावाला वातावरण चांगलं आहे.

२ जुलै

बायकोकडून कळलं. बाईंनी टेकडीला पत्र लिहून झाला प्रकार कळवला, पुन्हा एकदा ऐका म्हणून विनवलं. त्यांनी नियमावर बोट ठेवलं. मग बाई तिला घेऊन डेपोमागे गेल्या. ओल आलेल्या खोलीत तिने वाजवलं, प्रोग्रॅम थांबला तिथे थांबला, आणि तिला घेतलं. ते सांगताना बायकोचा आवाज हलला. तिने टेकडीचं नाव आता काढू नका असं मला बजावलं. पोरगी अजून बसमधून जाताना त्या बाजूला बघत नाही म्हणे.

डेपो हा पर्याय माझ्या डोक्यात पहिल्यापासून होता. ३ जानेवारीची नोंद पाहावी. नावानिशी उल्लेख आहे.

६ ऑगस्ट

कन्या फोन उचलत नाही. क्लास असेल. रविवारी पण क्लास. मेहनती आहे, माझ्यावर गेली.

तिला मेसेजवर प्रोग्रॅमविषयी काही सूचना पाठवल्या. वाचल्याची खूण आली. उत्तर नाही. म्हणजे पटल्या.

माउथऑर्गन आणला. संकल्प: रोज सराव. बायको तेव्हा गच्चीवर जाते. हवा खायला.

२९ ऑक्टोबर

दर शनिवारी बायको डबा घेऊन कन्येला भेटायला जाते. मी जात नाही. कुणीतरी घरी हवं. मागच्या खेपेला चप्पल घालून तयार झालो होतो. ती म्हणाली, दूध यायचंय. दूध सकाळीच आलं होतं. पण ती विसरली असेल.

आल्यावर मी विचारतो, माझ्याबद्दल काही म्हणाली का. बायको डबा धुवायला घेते. नळाच्या आवाजात तिला ऐकू येत नाही.

१८ फेब्रुवारी, दुपारी

बायकोने चांगले कपडे इस्त्री केले. मेहुण्याकडे जाते म्हणाली. मी दाढीचं सामान आणायला डेपोपर्यंत गेलो, तर भिंतीवर पोस्टर. कॉलेजच्या मुलांचा कार्यक्रम, आज संध्याकाळी. खालच्या ओळीत कन्येचा फोटो. केस कापलेत.

मला कळवायचं राहून गेलं असणार. धावपळीत होतं असं. न सांगता जाणार. मला शेवटच्या रांगेत बघून तिला काय वाटेल!

१८ फेब्रुवारी, घरी आल्यावर

गेलो होतो. शेवटची रांग, खांबामागे. बायको दुसऱ्या रांगेत होती, मेहुण्याशेजारी. म्हणजे मेहुण्याकडे हे खरंच होतं.

कन्या स्टेजवर आली. शेजारी टेबलावर लॅपटॉप. वाजवायला लागली. पियानो सोबत. बरं चाललं होतं. मग मधल्या भागात ती थांबली. बो हवेत. पियानोही थांबला. मी वाट पाहिली. काही नाही. हॉलमध्ये कुणी खोकेना. ती डोळे मिटून उभी, लॅपटॉप गप्प. प्रोग्रॅम अडकला की मला खोलीच्या बाहेरून कळतं, आयुष्य गेलंय त्यात. आणि एवढ्या माणसांत कुणी हलायला तयार नाही. आपली पोर एकटी तिथे. मला ते सहन झालं नाही. उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो की हँग झालाय, घाबरू नकोस, मी येतोय.

सगळी डोकी वळली. बायकोचं नाही वळलं. तिची मान मागून दिसत होती, ती आणखी खाली गेली. मी मधल्या वाटेने निघालो होतो. कन्येने डोळे उघडले. बो खाली घेतला नाही. पियानोही पुढे गेला नाही. कडेला बसलेल्या प्राध्यापकांनी वाकून तिला विचारलं, ओळखीचे आहेत का. माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

ती म्हणाली, नाही.

दोन मुलं आली. काका, या बाजूने, म्हणाली. चांगल्या वळणाची होती, दंड धरला पण जोरात नाही. दार लावून घेतलं. दार लागलं त्या क्षणी आत दोन्ही एकदम सुरू झालं, व्हायोलिन आणि पियानो. मी बाहेर जाईपर्यंत दोघं थांबले होते.

दाराला कान लावला. सुंदर वाजवते. माझी पोर फार सुंदर वाजवते. तिथेच पायरीवर बसलो. टाळ्या झाल्या तसा उठलो आणि लोक बाहेर यायच्या आत स्टॉप गाठला.

स्टेजवर दिवे थेट डोळ्यांवर येतात. समोरचा माणूस कोण ते दिसत नाही. आणि परवापासून मला सर्दी आहे, आवाज पार बसलाय. ओळखू येण्यासारखा नव्हताच.